शेजारचं मूल शाळेत जात नाही, काय करू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा इथून आणि अधूनमधून आखातात असलेल्या गोंयकारांकडूनही आमच्याकडे साधारण हेच प्रश्न येत राहतात. विचारणारे कोण असतात? खोल्या भाड्याने देणारे घरमालक, निवृत्त शिक्षिका, बांधकामावरचे सुपरवायझर, एखादी पंच, आणि मुलांचे आईवडील. प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत, नावं काढली आहेत. उत्तरांत कायद्याची कलमं मुद्दाम दिली आहेत (कायद्याचं नाव नसेल तिथे ती 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची), कारण शाळेच्या ऑफिसात "असा नियम आहे म्हणतात" यापेक्षा "कलम 14 काढून बघूया का?" हे लगेच ऐकलं जातं. ही उत्तरं म्हणजे वकिलाचा सल्ला नव्हे. प्रकरण कोर्टापर्यंत जाणारं असेल तर वकील गाठाच.

1. जगात नक्की किती मुलं शाळेबाहेर आहेत? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

युनेस्कोने 2025 मध्ये दिलेला आकडा 27 कोटी 20 लाखांचा आहे. आकडे वेगळे दिसतात, कारण कुणी एकूण बेरीज सांगतं तर कुणी एकच वयोगट. या बेरजेत प्राथमिक शाळेच्या वयाची सुमारे 7 कोटी 80 लाख मुलं आहेत, त्यापुढच्या टप्प्यातली (आपल्याकडची सहावी ते आठवी) 6 कोटी 40 लाख, आणि उरलेली 13 कोटी उच्च माध्यमिक वयाची. मूलभूत शिक्षणाबद्दल बोलायचं असेल तर पहिले दोन गट धरा. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हे प्रमाण सगळ्यांत जास्त आहे. युद्ध चालू असलेल्या देशांत मोजणीच धड होत नाही, त्यामुळे खरी संख्या याहून मोठीच असणार.

पटावर नाव असूनही वाचता न येणारी मुलं या आकड्यात नाहीत. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 10 वर्षांच्या 10 मुलांपैकी 7 मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही, असा जागतिक बँकेचा 2022 मधला अंदाज आहे.

2. याचं मूळ गरिबीतच ना? गरिबी हटल्याशिवाय मुलं शाळेत कशी येतील?

गरिबी आहेच, पण ती हटेपर्यंत थांबावं लागत नाही, हे काही गरीब देशांनीच दाखवलं आहे. मलावीने 1994 मध्ये, युगांडाने 1997 मध्ये आणि केनियाने 2003 मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली. त्या वर्षी या देशांतले आईवडील एका रात्रीत श्रीमंत झाले नव्हते, तरी शाळांसमोर मुलांची रीघ लागली. केनियात पटावरची संख्या सुमारे 59 लाखांवरून 72 लाखांपर्यंत गेली. वर्ग खच्चून भरले, शिक्षक अपुरे पडले, शिकवण्याचा दर्जा घसरला, हेही खरं. म्हणजे फी हा मोठा अडसर होता आणि तो काढल्यावर त्यामागचे अडसर दिसायला लागले.

मुलांना शाळेबाहेर ठेवणारी कारणं जगभर जवळपास सारखीच आहेत: फी आणि वरखर्च, अंतर, कागदपत्रं, न कळणारी भाषा, पोटासाठी काम, धाकट्या भावंडांची राखण, मुलगी असणं, अपंगत्व, युद्ध आणि स्थलांतर. युद्ध सोडलं तर यातलं एकेक कारण आम्हाला चिंबलमध्ये, बायणात आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूला भेटलेलं आहे. म्हणून "जगातल्या मुलांसाठी काय करू?" असं विचारणाऱ्याला आम्ही आधी त्याच्या घराजवळची गल्ली दाखवतो. (देशाबाहेरच्या मुलांबद्दल प्रश्न 20 पाहा.)

3. गोव्यात कुठे आलीत शाळाबाह्य मुलं? इथे तर सगळे शिकलेले.

2011 च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता 88.7 टक्के होती आणि बहुतेक गावांत चालत जाण्याच्या अंतरावर शाळा आहे. मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, त्याचं फळ आपल्या दोन पिढ्यांनी खाल्लं आहे. आज शाळेबाहेर राहणारं मूल बहुधा त्या पिढ्यांच्या घरातलं नसतं. ते बांधकामाच्या पत्र्याच्या खोलीत असतं, मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर असतं, भंगार गोळा करणाऱ्या कुटुंबात असतं. काम संपलं की बिऱ्हाड हलतं, आणि मूल एका शाळेच्या पटावरून गळतं ते दुसऱ्या शाळेच्या पटावर चढतच नाही. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या बाजूच्या दूरच्या धनगरवस्त्यांत प्रश्न वेगळा आहे. तिथे चौथीपर्यंत सगळं ठीक चालतं आणि पुढची शाळा लांब पडते.

4. शिक्षण हक्क कायदा नक्की काय देतो? थोडक्यात सांगा.

6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत पहिली ते आठवी मोफत शिक्षण. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने घटनेत कलम 21अ आलं, 2009 मध्ये कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक 1911 मध्ये मांडलं होतं आणि पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. ते मागत होते तो हक्क देशाला मिळायला जवळजवळ 100 वर्षं गेली. एवढ्या उशिराने मिळालेली गोष्ट एका कारकुनाच्या "नंतर या" वर सोडून देऊ नका.

सक्तीचं म्हणजे कुणावर सक्ती, हे अनेकांना उलटं वाटतं. मुलाला शाळेत दाखल करणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे (कलम 10), पण न केल्यास या कायद्यात त्यांना शिक्षा नाही. सक्ती आहे ती सरकारवर: मूल दाखल होईल, हजर राहील आणि आठवी पूर्ण करेल हे बघण्याची (कलम 8). मजूर आईवडिलांना पोलिसांची भीती घालू नका. ती माणसं खोली सोडून निघून जातात आणि मूल आपल्या हातून जातं.

5. जन्मदाखलाच नाही. शाळा म्हणते, आधी दाखला आणा.

कलम 14 सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. अंगणवाडीतली किंवा दवाखान्यातली नोंद चालते, तेही नसेल तर आईवडिलांनी लिहून दिलेलं वय. प्रवेश आज आणि दाखला मागाहून, हाच क्रम लावून धरा.

मात्र दाखला काढायचं काम सोडू नका, पुढे दहावीच्या अर्जापासून पासपोर्टपर्यंत तो लागतो. नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. कर्नाटकात कोप्पळला जन्मलेल्या मुलाची नोंद गोव्यातल्या पंचायतीत होणार नाही. जन्माला एक वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशानंतरच उशिराची नोंद होते, तेव्हा गावी जाणाऱ्या नातेवाइकाकडे आताच कागद देऊन ठेवा.

आणखी एक बारकावा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करायला जन्मदाखला हाच कागद धरला जातो, शाळाप्रवेशासाठीसुद्धा. ही मुलं आता कुठे बालवाडीच्या वयाला पोचत आहेत. त्यांच्या घरी आजच सांगून ठेवा. कलम 14 त्यांच्यासाठीही उभं आहेच, पण भांडणाची वेळ येऊ न देणं बरं.

6. आधार कार्डाशिवाय ऑनलाइन नाव चढत नाही असं सांगतात.

सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही असं स्पष्ट केलं आहे. संगणकातला रकाना भरायचा राहिला तर तो शाळेने आणि खात्याने सोडवायचा प्रश्न आहे, त्यासाठी मुलाला घरी बसवता येत नाही. आधार काढून द्यायला मदत जरूर करा, पण मूल वर्गात बसल्यावर.

7. गावच्या शाळेने शाळा सोडल्याचा दाखला दिला नाही. विजापूरला जाऊन यायला चार दिवसांची मजुरी बुडते.

कलम 5 प्रमाणे जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. नव्या शाळेनेच जुन्या शाळेला पत्र पाठवावं किंवा फोन करावा. हल्ली प्रत्येक मुलाला देशभर चालणारा कायम शिक्षण क्रमांक मिळतो. तो जुन्या प्रगतिपुस्तकावर सापडला तर काम खूप सोपं होतं, म्हणून ते पुस्तक जपून ठेवायला सांगा.

8. कुटुंब चतुर्थीनंतर गोव्यात आलं. प्रवेश कधीच संपले म्हणतात. आता जूनपर्यंत थांबू का?

थांबू नका. कलम 15: मुदत संपल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही, आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला त्याला विशेष मदत मिळायला हवी. जूनची वाट पाहायची म्हणजे काय, हे आम्ही पाहिलेलं आहे. तोवर साइट बदलते, किंवा मुलाच्या हाताला काम लागतं.

9. मुलगी 10 वर्षांची आहे, कधीच शाळेत गेलेली नाही. पहिलीत बसवायची का? ती लाजते.

पहिलीत नको. कलम 4 प्रमाणे तिला वयाला साजेशा वर्गात, म्हणजे चौथी-पाचवीत, प्रवेश मिळतो आणि त्या वर्गाच्या जवळपास येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा तिला हक्क आहे. वय 14 उलटलं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत तिचं शिक्षण मोफत राहतं.

कागदावर हे सोपं आहे. वर्गात मात्र अक्षरओळख नसलेली मुलगी पाचवीच्या पुस्तकापुढे बसते आणि शिक्षिकेसमोर आणखी तीस मुलं असतात. हे विशेष प्रशिक्षण नावापुरतं उरलं की अशी मुलं दोन-तीन महिन्यांत पुन्हा घरी बसतात. तुमच्या गावात निवृत्त शिक्षिका असतील तर त्यांना इथे हात द्यायला सांगा. मुख्याध्यापकांच्या परवानगीने रोज एक तास, त्याच शाळेत, फक्त वाचन आणि अंक. आमच्या कामात याहून जास्त उपयोगाची गोष्ट आम्हाला सापडलेली नाही. लाजेचं म्हणाल, तर केनियात फी रद्द झाल्यावर 2004 मध्ये 84 वर्षांचे किमानी मारुगे पहिलीच्या वर्गात जाऊन बसले. त्यांची गोष्ट मुलांना सांगा, ती डोळे मोठे करून ऐकतात.

10. मूल कन्नड बोलतं, शाळा मराठी. मराठी-कोकणी दोन्ही कळत नाही म्हणून गप्प बसतं. कुठे घालू?

कायदा म्हणतो, शक्य असेल तितपत मातृभाषेतून शिकवावं (कलम 29). मुरगाव तालुक्यात, झुआरीनगरच्या बाजूला, कन्नड माध्यमाची सोय आहे. बाकी गोव्यात बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या. लमाणी बोलणाऱ्या मुलाला यातली कुठलीच आपली नाही. आमचा सल्ला: कुटुंब वर्षभरात परत जाणार असेल आणि कन्नड शाळा पोचण्यासारखी असेल तर ती निवडा. इथेच राहणार असेल तर सगळ्यांत जवळची शाळा. लहान मूल शेजारच्या मुलांबरोबर खेळून सहा महिन्यांत मराठी-कोकणी उचलतं. लांबच्या शाळेचं बसभाडं मात्र सहा महिने टिकत नाही.

खरी अडचण पाचवीला येते, जेव्हा मराठी-कोकणी शाळेतलं मूल बहुतेक करून इंग्रजी माध्यमात जातं. गोव्यातल्या आपल्याच मुलांनाही तो धक्का बसतो. घरी कुणी शिकलेलं नसेल तर सगळ्यांत जास्त गळती इथे होते, तेव्हा चौथीच्या उन्हाळ्यात इंग्रजीची तयारी करून घ्या.

11. बाहेरून आलेल्यांच्या मुलांवर गोव्याचा पैसा का खर्च करायचा? आमच्याच मुलांना आधी द्या.

हा प्रश्न आम्हाला कळकळीने विचारला जातो, म्हणून उत्तरही तसंच देतो. कायद्यात शब्द आहे "प्रत्येक मूल". त्यात परप्रांतीय, भाडोत्री, मूळचा असा भेद नाही. पण कायदा बाजूला ठेवून बोलू. आपले आजे-पणजे पोटासाठी मुंबईला गेले, कराचीला गेले, आफ्रिकेत गेले, बोटींवर चढले. गिरगाव आणि धोबीतलावच्या शाळांनी गोव्याच्या मुलांना बाकावर बसू दिलं नसतं तर आज आपल्यातली किती घरं उभी राहिली असती? आपली घरं, हॉटेलं, रस्ते जी माणसं बांधतात त्यांच्या मुलाला बाक नाकारणं हे आपल्याच इतिहासाशी बेइमानी करणं आहे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आज गोव्यातल्या कितीतरी सरकारी मराठी शाळा या मुलांच्या बळावर चालू आहेत (प्रश्न 18 पाहा). "घाटी" म्हणून त्यांना हिणवणारी आपली मुलं असतील तर घरी त्यांना थांबवा. वर्गात शिक्षकच तसं बोलत असतील तर तो कलम 17 खाली मानसिक छळ होऊ शकतो.

12. आमच्याकडे नेपाळी चौकीदार आहे. त्याच्या मुलाला हा कायदा लागतो का?

लागतो. कलम 21अ आणि कायदा दोन्ही "मूल" म्हणतात, "नागरिक" म्हणत नाहीत. कागदपत्रांसाठी प्रश्न 5 ते 7 मधलीच उत्तरं.

13. आम्ही दुबईहून कायमचे परत आलो. इथल्या शाळा म्हणतात, वर्षाच्या मध्ये जमणार नाही.

कोप्पळहून आलेल्या मजुराला जो नियम तोच तुम्हाला. मूल 6 ते 14 मधलं असेल तर सरकारी आणि अनुदानित शाळेला प्रश्न 8 मधलं उत्तर दाखवा. विनाअनुदानित शाळेत जागा मिळण्याची हमी हा कायदा देत नाही.

14. हॉटेलात दहा-बारा वर्षांचा पोर कपबशा धुतो. मालक म्हणतो, आपल्या बहिणीचा मुलगा आहे.

14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा 2016 च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे: 6 महिने ते 2 वर्षं कैद, किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. घरच्या धंद्यात मदतीची सूट आहे, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोक्याच्या कामात अजिबात नाही. शाळेच्या वेळेत कपबशा धुणारा भाचा या सवलतीत बसत नाही.

मुलांच्या मदतीसाठीच्या 1098 या नंबरवर चोवीस तास फोन करता येतो, नाव सांगावं लागत नाही. गोव्याचा स्वतःचा बाल कायदाही आहे, 2003 चा, आणि त्याखाली बालन्यायालय आहे. स्वतः जाऊन मालकाशी भांडू नका. दुसऱ्या दिवशी मूल तिथून हलवलेलं असतं.

मुलगी घरी राहून धाकट्याला सांभाळते, अशा तक्रारी याहून पुष्कळ जास्त येतात आणि त्यावर कुठल्याही नंबरवर फोन करून भागत नाही. धाकट्याची सोय झाली की थोरली शाळेत जाते. आधी अंगणवाडीत विचारा. 50 पेक्षा जास्त बायका कामाला असलेल्या बांधकामावर पाळणाघर ठेवणं 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने ठेकेदारावर बंधनकारक होतं (कलम 35). नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली आहे, तेव्हा पाळणाघराचा आजचा नियम कामगार खात्यात विचारून घ्या. कामगाराची कल्याण मंडळाकडे नोंदणी झाली असेल तर मुलांच्या शिक्षणासाठीही साहाय्य मागता येतं. नोंदणी आहे का, हे मुकादमाला नव्हे, कामगारालाच विचारा.

15. मुलगा 15 वर्षांचा, सातवीतून सुटला. आता कायदा संपला ना?

शाळेत परत जायला तयार असेल तर पहिला प्रयत्न तोच. बऱ्याच काळापूर्वी सुटलेला, कामाला लागलेला मुलगा असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिथे 14 वर्षांवरच्यांना तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे टप्पे देता येतात, पुढे दहावीही. कामावरून येऊन अभ्यास करायचा असतो, म्हणून सोबत कुणीतरी लागतंच.

16. मूल चालू शकत नाही, बोलणंही अस्पष्ट. शाळेने सरळ "स्पेशल स्कूलला न्या" म्हटलं.

निवड तुमची आहे, शाळेची नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण देतो, जवळच्या शाळेत किंवा त्याने निवडलेल्या विशेष शाळेत (कलम 31). म्हणजे इथे वयोमर्यादा 14 नसून 18 आहे. तीव्र किंवा बहुअपंगत्व असेल तर घरी शिक्षण घेण्याचाही पर्याय आहे. तो पर्याय तुम्ही मागायचा असतो. मूल नको म्हणून शाळेने पुढे करायचा नसतो. प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, त्यासाठी प्रवेश अडवून ठेवू नका.

17. पुण्यात आरटीईची (शिक्षण हक्क कायद्याखालच्या प्रवेशांची) सोडत असते तशी गोव्यात आहे का? आणि आमच्या गावची मिशनची शाळा हा कायदा मानते का?

महाराष्ट्रासारखी राज्यभर चालणारी ऑनलाइन सोडत इथे रूढ नाही. त्या सोडतीमागची, गरीब आणि वंचित मुलांसाठी 25 टक्के जागांची तरतूद विनाअनुदानित खासगी शाळांसाठी आहे, आणि गोव्यात खासगी संस्थांच्या बहुतेक शाळा सरकारी अनुदानावर चालतात. त्यांच्यासाठी निराळा नियम आहे: अनुदानाच्या प्रमाणात, किमान 25 टक्के मुलांना मोफत शिक्षण.

मिशनच्या शाळांबद्दलचं उत्तर सरळ नाही. 2014 च्या प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना, अनुदानित असोत वा नसोत, या कायद्यातून वगळलं. 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठापुढे ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. तोवर जुना निकाल उभा आहे. पण सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शाळेला केवळ धर्म, जात, वंश किंवा भाषा यांवरून नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, हे घटनेचं कलम 29(2) त्यांनाही बांधतं. अनुभवाने सांगतो, अशा ठिकाणी कलमं पुढे करण्याआधी फादरना किंवा मुख्याध्यापिका सिस्टरना भेटून मुलाची गोष्ट सांगा.

18. पट कमी म्हणून आमच्या वाड्यावरची सरकारी शाळा बंद करायचं चाललंय. काही करता येतं का?

येतं, पण आदेश निघायच्या आधी. पहिली गोष्ट, वाड्यावर आणि भाड्याच्या खोल्यांत फिरून 6 ते 14 ची मुलं मोजा. शाळा पट नाही म्हणून बंद होते आहे आणि पाचशे मीटरवर मुलं पटाबाहेर आहेत, हे चित्र गोव्यात एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतं. ती यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवा. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात (कलम 21), आणि मजूर पालकांनाही त्यात घ्या. नंतर ग्रामसभेत ठराव.

शाळा दुसरीत विलीन झालीच तर अंतराचा मुद्दा धरा. या कायद्याच्या नमुना नियमांत पाचवीपर्यंत 1 किलोमीटर आणि आठवीपर्यंत 3 किलोमीटर हे अंतर दिलं आहे. लहान वस्तीला शाळा नसेल तर वाहनाची किंवा निवासाची सोय सरकारने करायची आहे. पावसात ओहोळ ओलांडून जावं लागत असेल तर तसं स्पष्ट लिहा, जुलैतला फोटो जोडा.

19. मुख्याध्यापकांनी तोंडी "नाही" सांगितलं. आता कुणाकडे जायचं?

आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एवढ्यानेच निम्मी कामं होतात, कारण तोंडी "नाही" म्हणणारा लेखी "नाही" द्यायला तयार नसतो. मग तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून पर्वरीच्या शिक्षण खात्याकडे. कलम 32 खाली केलेल्या तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर अपील राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेतली असेल तर पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 पर्यंत (कलम 13).

अर्जात राग लिहू नका. मुलाचं नाव, वय, पत्ता, शाळेत गेल्याची तारीख, कोण काय म्हणालं, आणि कलम. एक पान पुरे.

20. अफगाणिस्तानातल्या मुलींसाठी, सुदानमधल्या मुलांसाठी मी फोंड्यात बसून काय करणार?

2021 पासून अफगाणिस्तानात सहावीनंतर मुलींना शाळा बंद आहे. ते दार इथून ढकलून उघडणार नाही, हे मान्य करू. पण तीन गोष्टी हातात आहेत. युनिसेफसारख्या, प्रत्यक्ष तिथे काम करणाऱ्या संस्थेला नियमित, छोटी रक्कम द्या. बातमी जुनी झाल्यावर येणाऱ्या पैशाची टंचाई मोठी असते. दुसरं, आपल्या खासदाराला लिहा. भारताने 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला आहे आणि त्यातलं कलम 28 शिक्षणाबद्दलच आहे. 2015 मध्ये दक्षिण कोरियातल्या इंचियोन इथे देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या किमान 4 ते 6 टक्के शिक्षणावर खर्च करण्याचं मान्य केलं. आपला देश आणि आपलं राज्य त्यात कुठे आहे, हे प्रत्येक अर्थसंकल्पानंतर विचारायचा आपल्याला अधिकार आहे. तिसरं, ही माहिती आपल्या मुलांपर्यंत पोचवा. नेसाय किंवा डिचोलीतल्या बारा वर्षांच्या मुलीला तिच्याच वयाच्या मुलीला घरी बसवलं जातं हे कळलं, की ती शेजारच्या खोलीतल्या मुलीला हाक मारायला जाते. हे आम्ही होताना पाहिलं आहे.

21. वाढदिवसाला दप्तरं, वह्या वाटू का?

वाटा, पण आधी शाळेत विचारा. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात, दुपारचा आहारही असतो. एका मुलाकडे तीन दप्तरं आणि पावसाळी चप्पल नाही, असं होतं. त्याच पैशात एका मुलीचं वर्षाचं बसभाडं निघतं. पैशापेक्षा वेळ देता आला तर एक सकाळ एखाद्या आईबरोबर शाळेच्या ऑफिसात जा. तिची मजुरी त्या दिवशी बुडते, तेवढी भरून द्या.

22. मुलाला शाळेत घातल्याचा फोटो फेसबुकवर टाकला तर इतरांना स्फूर्ती मिळेल ना?

टाकू नका. कामावरून सोडवलेल्या किंवा भीक मागताना सापडलेल्या मुलाची ओळख उघड करणं 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. इतर मुलांचाही चेहरा, शाळेचं नाव, वाड्याचं नाव टाकू नये, आईवडिलांनी "चालेल" म्हटलं तरी. मदत करणाऱ्याला नाही म्हणणं त्यांना जड जातं. सांगायचंच असेल तर कुठला अर्ज केला, कुठलं कलम दाखवलं आणि किती दिवसांत प्रवेश झाला ते लिहा. तसा मजकूर आमच्याकडे पाठवलात तर तो या उत्तरांत घालू.